‘काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतला’: नर्सेसच्या मराठी वर्गात रोल प्ले कसा घ्यावा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला बघता येईल. केरळहून येऊन इथल्या एका रुग्णालयात नोकरीला लागलेल्या अठरा नर्सेसना तुम्ही आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास मराठी शिकवता. ‘सिस्टर आणि पेशंट’ असा बारा ओळींचा संवाद लिहून देता. दोघीजणी पुढे येऊन तो म्हणतात, बाकीच्या हसतात, टाळ्या होतात. पण वॉर्डात गेल्यावर त्याच मुली हिंदीवर येतात, नाहीतर वॉर्डातल्या मावशींना, म्हणजे आयांना, हाक मारून त्यांच्याकडून बोलून घेतात. मग रोल प्लेचा उपयोग काय, की माझंच काही चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

चुकतंय. पण वाईट वाटून घेऊ नका, मीही पहिली सहा-सात वर्षं हेच करत होते.

तुम्ही घेताय तो रोल प्ले नाही, ते उभं राहून केलेलं पाठांतर आहे. लिहून दिलेल्या संवादात सिस्टर “कुठे दुखतंय?” विचारते, तेव्हा उत्तर काय येणार हे तिला आधीच ठाऊक असतं. तिला ऐकायची गरजच पडत नाही. वॉर्डात मात्र सगळा कस ऐकण्याचाच लागतो. समोरचं माणूस काय बोलेल याचा पत्ता नसतो, बोललेल्यातलं निम्मं कळत नाही, आणि तरीही प्रश्न विचारत विचारत काम पुढे न्यायचं असतं.

मी मूळची सिंधुदुर्गातली. लहानपणी जत्रांमध्ये जागून दशावतार पाहिलेत. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं लावायचं ते ठरतं, राजा कोण, राक्षस कोण, ऋषी कोण ते ठरतं, आणि बोलणी सगळी तिथल्या तिथे उभी राहतात. समोरच्याने भलताच प्रश्न टाकला तर राजाला राजाच्याच तोऱ्यात उत्तर सुचावं लागतं. वर्गात मला हेच हवं असतं. प्रसंग पक्का, माणसं पक्की, कुणाला काय हवंय ते पक्कं. वाक्यं मात्र कुणाच्याच हातात नाहीत.

म्हणून संवादाचा कागद फाडा आणि दोन चिठ्ठ्या लिहा. मी हमखास वापरते त्या दोन अशा आहेत.

सिस्टरची चिठ्ठी: “सकाळचे साडेसहा. कॉट नंबर सातवरच्या आजींचं आठ वाजता पोटाचं ऑपरेशन आहे. रात्री दहानंतर त्यांच्या पोटात काहीही गेलेलं नाही, याची खात्री करून फाइलमध्ये नोंद करायची आहे.”

आजींची चिठ्ठी: “वय ६२. रात्रीपासून जेवला नाहीत. पहाटे लेकाने आणलेला चहा घेतलात. चहा म्हणजे काही खाणं नव्हे, असं तुम्हाला वाटतं. उठल्यावर मशेरी लावलीत. एक छोटी पांढरी गोळी रोज सकाळी घेता, ती आजही घेतलीत. यातल्या ज्या गोष्टीचं नाव काढून कुणी विचारेल तेवढीच सांगायची. तुम्हाला हिंदी येत नाही.”

दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींना दाखवायच्या नाहीत. आजींची चिठ्ठी मी इंग्रजीत लिहिते, कारण ती मराठीत असली की मुलगी चिठ्ठीतलीच वाक्यं वाचून मोकळी होते.

पहिल्या खेपेला काय होतं ते दर वेळी सारखंच. सिस्टर विचारते, “आजी, तुम्ही काही खाल्लं का?” आजी म्हणते, “नाही गं बाई, रात्रीपासून उपाशीच आहे.” सिस्टर खूश. कागदावर लिहिते, थँक्यू म्हणते, वीस सेकंदांत खेळ खलास. मग मी आजींना त्यांची चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावते. वर्ग एकदम गप्प होतो. या मुली शिकलेल्या नर्सेस आहेत. भूल देण्याआधी पोटात चहा असणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. भाषेची चूक पहिल्यांदाच त्यांना व्याकरणाची चूक न वाटता कामातली चूक वाटते. माझ्या दृष्टीने तास तिथे सुरू होतो.

‘विचारलं तरच सांगायचं’ ही अट माझी नाही, ती मी तुमच्या मुलींच्याच क्षेत्रातून उचलली आहे. हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ साली अमेरिकेत धडधाकट माणसाला रुग्णाची भूमिका शिकवली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्याच्यासमोर बसवलं. नाटकी रुग्णाने आपणहून माहिती ओतायची नाही, नेमकं विचारलं की नेमकं सांगायचं, हा त्या पद्धतीचा गाभा. आता ही पद्धत जगभर रूढ आहे. रुग्णालयातलं कुणी “हे काय पोरखेळ चाललेत?” म्हणालं, तर एवढं सांगून बघा. माझ्याबाबतीत दोनदा उपयोग झालाय.

आता दुसरी खेप. तोच प्रसंग, त्याच मुली. सिस्टर विचारते, “आजी, चहा घेतली का?”

“चहा होय? चहा घेतला की.”

“कधी?”

“पहाटे.”

“पहाटे... किती वाजता?”

“आता घड्याळ कुठे बघितलं बाई. कोंबडं आरवलं तेव्हा.” (हे कोंबडं मी चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. शहरातल्या रुग्णालयात कोंबडं कुठून आलं, देव जाणे. पण आजी झालेल्या मुलीला ‘आरवणं’ हे क्रियापद गेल्या आठवड्यातच कळलं होतं, ते तिने इथे वसूल केलं.)

“दूध घेतला? गोळी घेतला?”

इथे बघा, मराठीची सगळ्यात चिवट अडचण आपोआप टेबलावर आली. चहा घेतला, गोळी घेतली, दूध घेतलं. भूतकाळात क्रियापद घेणाऱ्याचं ऐकत नाही, घेतलेल्या वस्तूचं ऐकतं. मल्याळममध्ये क्रियापद लिंग, वचन, पुरुष यांपैकी कशानेच बदलत नाही. कर्ता कुणीही असो, रूप एकच. त्या मुलींना आधी ‘तो आला, ती आली’ हेच विचित्र वाटतं, त्यात आजी बाई असून ‘आजींनी चहा घेतला’! वर त्या शाळेत हिंदी शिकलेल्या असतात आणि हिंदीत चाय स्त्रीलिंगी, म्हणून ‘चहा घेतली’. हा तक्ता मी फळ्यावर कितीदा लिहिलाय त्याची गणती नाही. फळ्यावरून तो कुणाच्याच तोंडी गेला नाही. चहा, गोळी, दूध हे तीन प्रश्न ओळीने विचारायची गरज पडली आणि प्रत्येक उत्तरात आजीने बरोबर रूप परत केलं, तेव्हा तो गेला. म्हणून आजी कोण होणार हे महत्त्वाचं असतं. त्याकडे येतेच.

याच प्रसंगाचं तिसरं रूप एकादशीच्या आसपास घ्या. आजी म्हणते, “काही खाल्लं नाही, माझा उपास आहे.” आपल्याला लगेच कळतं की बाईंनी साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू चेपलाय. परमुलखातल्या नर्सला ‘उपास’ आणि ‘उपाशी’ यांतला फरक कोण सांगणार? शब्दकोश नाही सांगत.

मल्याळी मुलींना काय सोपं जातं तेही माहीत असू द्या, म्हणजे वेळ वाया जाणार नाही. ‘ळ’ आणि ‘ण’ त्यांच्याकडे आहेत. हिंदी भाषकांना शिकवताना ‘बाळ’ आणि ‘बाल’वर जो घाम गाळावा लागतो तो इथे लागत नाही. ‘मला भूक लागली’, ‘मला ताप आहे’ यातला ‘मला’ही चटकन बसतो, कारण भूक मल्याळममध्येही ‘मला’च लागते. आणि ‘आपण’ व ‘आम्ही’ यांतला भेद त्यांच्या भाषेत जसाच्या तसा आहे. ‘आपण चहाला जाऊ’ आणि ‘आम्ही चहाला जातोय’ यात कोण बाहेर राहिलं हे त्यांना क्षणात कळतं. हिंदी भाषकाला तिथे तासभर जातो, वर तो ‘आपण’ म्हणजे हिंदीतलं ‘आप’ समजून बसतो. तर अशा ठिकाणी रोल प्ले खर्च करू नका. जिथे अडतंय तिथे करा.

आणि अडतं ते बहुतेक वेळा ‘कोण कुणाशी बोलतंय’ इथे. मराठीत वाक्य सुरू करायच्या आधीच ठरवावं लागतं: मी बाई की पुरुष, समोरचं माणूस तू की तुम्ही. ‘मी येतो’ की ‘मी येते’, ‘बस’ की ‘बसा’. हे ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. मुलींना ‘मी’ची रूपं लवकर येतात. घोळ होतो तो ‘तू’मध्ये. माझ्या एका विद्यार्थिनीने वॉर्डातल्या वृद्ध बाईंना “आजी, तू झोप” म्हटलं आणि त्यांच्या सुनेने भांडण काढलं. मुलगी रडवेली होऊन मला सांगत होती, “पण मॅडम, माझी रूममेट तिच्या आजीला फोनवर ‘आजी, तू जेवलीस का?’ असंच विचारते!” खरंच आहे की. घरच्या आजीला आपण तू म्हणतो, दुसऱ्याच्या आजीला तुम्ही. हे आपण कुणाला शिकवतच नाही, कारण आपल्याला ते कधी शिकावंच लागलं नाही. आता मी एकाच मुलीला पाठोपाठ दोन भूमिका देते. आधी घरी आजीला फोन, मग कॉट नंबर सातवरच्या आजी. मधे श्वास घ्यायला वेळ देत नाही. ‘जेवलीस का’वरून ‘जेवलात का’वर उडी मारता आली पाहिजे.

हाक मारण्याचा आणखी एक घोळ फक्त रुग्णालयातच होतो. मध्यमवयीन बाईला बाहेर आपण बिनदिक्कत ‘मावशी’ म्हणतो. वॉर्डात ‘मावशी’ म्हणजे आया आणि ‘मामा’ म्हणजे वॉर्डबॉय. सिस्टरने पेशंटला “मावशी!” म्हणून हाक मारली की बेडपॅन घेऊन भलतीच मावशी हजर होते. पेशंटला काकू, ताई, आजी म्हणावं, पुरुषांना काका, दादा, आजोबा. बाबा म्हटलं तरी चालतं.

बरं, आता आजी कोणी व्हायचं?

सुरुवातीला तुम्ही स्वतः व्हा. त्यानंतर, तुमच्या रुग्णालयात परवानगी मिळाली तर, वॉर्डातल्या एखाद्या मावशींनाच वर्गात बोलवा. तुमच्या मुली ज्यांच्याकडून बोलून घेतात त्याच मावशी. मी एकदा अशाच एका मावशींना म्हटलं, “तुम्ही फक्त पेशंट व्हा आणि तुमच्या सासूबाई बोलतील तसं बोला.” त्या बाकावर आडव्या झाल्या, पदर डोळ्यांवर ओढला आणि सुरू झाल्या: “काय सांगू शिस्टर, रातच्यापासनं पोटात नुसता मुरडा मारतोय. सारखं वर येतंय, पण पडत न्हाई. डोस्कं धरलंय. अंगात कणकण हाय.”

सिस्टर झालेली मुलगी हुशार होती. पुस्तकातलं ‘पोटदुखी’, ‘उलटी’, ‘डोकेदुखी’, ‘ताप’ तिला सगळं पाठ होतं. यातला एकही शब्द मावशींच्या बोलण्यात नव्हता. ती छताकडे बोट करून म्हणाली, “वर? वर कोण येतंय?” वर्ग कोसळला. मावशी पदराआडून हसल्या, पण भूमिका सोडली नाही. घशापाशी हात नेऊन, तोंड वाकडं करून दाखवलं. “उलटी!” मुलगी ओरडली. “पण उलटी झाली का?” “तेच तर म्हनतीया, व्हत न्हाई.”

हे पाच मिनिटांत झालं. शब्दसूची देऊन मी हे महिनाभरात करू शकले नसते. दुखण्याच्या बाबतीत मराठी फार उधळी भाषा आहे. दाढ ठणकते, छातीत कळ येते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, पायात गोळे येतात, हाताला मुंग्या येतात, जखम चुरचुरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अंग मोडून येतं, आणि काहीच सांगता येत नसलं की ‘कसंतरीच होतंय’. यातला प्रत्येक शब्द नर्सच्या कामाचा आहे. चमक आणि कळ यातला फरक तिला कळला तर डॉक्टरांना सांगताना उपयोग होतो. बायकांच्या वॉर्डात आणखी एक पडदा असतो: पाळीला ‘अडचण’ म्हणणं, ‘अंगावरून जातंय’, ‘दिवस गेलेत’, ‘दिवस भरलेत’. “मला अडचण आहे” असं पेशंट म्हणाली आणि सिस्टरने आपुलकीने विचारलं, “काय अडचण आहे, पैशांची?” ही वर्गात घडलेली गोष्ट आहे. वर्गात घडली हे बरं झालं.

मावशींना बोलावलंत तर एक सांभाळा. एका रुग्णालयात माझ्याकडून चूक झाली. मावशी पेशंट होऊन गेल्यानंतर एका मुलीला मी तीच भूमिका दिली. तिने मावशींच्या बोलण्याची नक्कल करत अडाणी, वेंधळी म्हातारी उभी केली, सगळे लोळून हसले, मीही हसले. मावशी मागच्या बाकावरच बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. त्यानंतर मी नियमच केला: पेशंटची भूमिका करणाऱ्याने पेशंटचं दुखणं आणायचं, त्याची बोली विनोदासाठी आणायची नाही. आणि मावशींना त्या तासाचे पैसे मिळतील असं बघा. त्या तुमच्या मुलींना शिकवतायत, फुकट का शिकवावं?

हिंदीकडे घसरण्याचं म्हणाल, तर त्यात मुलींचा दोष नाही. हिंदीत काम होतं म्हणून त्या हिंदीत बोलतात. ‘मराठीतच बोला’ असा दंडक घालून काही होत नाही, दोन मिनिटं पाळतात. त्यापेक्षा चिठ्ठीत लिहा: ‘तुम्हाला हिंदी येत नाही.’ सिस्टर हिंदीत बोलली की आजीने फक्त “काय म्हणालीस?” एवढंच म्हणायचं, पुन्हा पुन्हा. शिक्षिकेने टोकण्यापेक्षा हे शंभर पटींनी लागू पडतं. पण मग तिला बुडताना धरायला काठी हवी. ती आधी द्या. रोल प्लेच्या आधीची दहा मिनिटं मी याच वाक्यांवर घालवते: “म्हणजे कसं?”, “पुन्हा सांगता का?”, “जरा सावकाश”, “कुठे, हात लावून दाखवा बरं”, “म्हणजे उलटीसारखं होतंय का?” दिलगिरी वगैरे नको. शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण त्यात न कळलेल्या शब्दावर आपला अंदाज ठेवून तो तपासून घेता येतो. ही पाच वाक्यं तोंडात बसलेली मुलगी तीनशे शब्द पाठ असलेल्या मुलीपेक्षा वॉर्डात जास्त टिकते.

दोघी बोलतात आणि सोळाजणी बघतात, हे आधी बंद करा. अठराजणी म्हणजे तिघींचे सहा गट. सिस्टर, पेशंट आणि तिसरी नातेवाईक. नातेवाईक मी मुद्दाम घालते. आपल्याकडे पेशंटला प्रश्न विचारला की उत्तर सून देते, आणि सुनेचं उत्तर सासूच्या उत्तराशी जुळत नाही. “त्या काही गोड खात नाहीत हो” असं सून म्हणत असताना सासू मान खाली घालून बसलेली असते. तिला बाजूला घेऊन, सुनेला न दुखावता बोलतं करायचं, हे वॉर्डातलं अवघड काम आहे आणि त्याला भाषा लागते: “ताई, तुम्ही जरा हे औषध खालून घेऊन येता का?”

सहाही गट एकाच वेळी बोलतात. गोंगाट होतो. होऊ दे, वॉर्डातही असतो. आपण त्यांच्यामधून फिरायचं, मधे तोंड घालायचं नाही. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे ‘कळलं नाही’, उजवीकडे ‘खटकलं’. ‘चहा घेतली’ हे उजवीकडे जातं. सगळ्यांना कळलं, कानाला खटकलं. ‘तीन दिवसांतून एकदा’ म्हणायच्या जागी ‘दिवसातून तीनदा’ हे डावीकडे, आणि त्याखाली दोन रेघा. खेळ संपल्यावर आधी डावी बाजू घ्यायची. उजवीकडच्या पंधरा गोष्टींतल्या दोनच निवडायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. सोडवत नाही, मला माहीत आहे. आपण मराठीच्या शिक्षिका, ‘माझी पाठ’च्या जागी ‘माझा पाठ’ ऐकवत नाही. पण पंधराच्या पंधरा सांगितल्या की मुलगी पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

औषधांच्या वेळा, दिवस, तारखा यांचे प्रसंग कायम डाव्या बाजूचे. ‘दिवसाआड’, ‘अनशापोटी’, ‘रात्री निजताना’ हे शब्द पेशंटच्या बाजूने येऊ द्या. आणि ‘परवा’ विसरू नका. आपला परवा दोन्ही बाजूंना चालतो: “परवापासून ताप येतोय” यातला परवा मागचा आणि “परवा टाके काढायला या” यातला पुढचा. कुठला ते क्रियापदच सांगतं, आणि क्रियापदच तर मुलींना नीट ऐकू येत नसतं. त्यांना सांगा, परवा ऐकलं की वार विचारायचा. “परवा म्हणजे सोमवारी ना?”

मग दुसरी खेप, तोच प्रसंग, चिठ्ठीत एक गोष्ट बदलून. चहाच्या जागी नारळपाणी. बहुतेक शिक्षक इथे थांबतात, ‘तेच तेच कशाला’ म्हणून नवा प्रसंग काढतात. माझं अगदी उलट मत झालंय. पहिली खेप ही फक्त काय येत नाही ते कळण्यासाठी असते. शिकणं दुसऱ्या खेपेत होतं. नव्वद मिनिटांत एकच प्रसंग, दोन खेपा, फार तर तीन. आठवड्यातल्या दोनपैकी एकाच तासाला. दुसऱ्या तासाला नेहमीचं वाचन, लेखन, आकडे. आकड्यांना रोल प्ले लावू नका. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे घोकूनच येतात.

तुमच्या सहकारी बाईंनी घेतलेल्या आक्षेपाबद्दल. “दोघी कच्च्या एकमेकींशी बोलल्या तर एकमेकींचं चुकीचंच शिकतील,” हे त्या म्हणतात ते हसण्यावारी नेऊ नका. एन. एस. प्रभू यांनी १९७९ पासून पाच वर्षं बंगळुरू आणि चेन्नईच्या बाजूच्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा मोठा प्रयोग चालवला. भाषेचे नियम बाजूला ठेवून मुलांना सोडवायला काम द्यायचं, अशी त्यांची कल्पना. एकाकडे माहिती आहे आणि दुसऱ्याकडे नाही, ही जी फट मी चिठ्ठ्यांमध्ये ठेवते, तिचं ‘इन्फर्मेशन गॅप’ हे नाव त्यांच्या वर्गीकरणातलंच. पण मुलांना आपापसात गटात सोडण्याबद्दल ते साशंक होते, आणि कारण हेच: कच्चं कच्च्याला घट्ट करतं. म्हणून पेशंटच्या बाजूला शक्य तितक्या वेळा अस्सल मराठी बोलणारं माणूस हवं. मावशी, तुम्ही, ऑफिसातला क्लार्क, सुट्टीवर आलेली तुमची पुतणी, कुणीही. आजीने “चहा घेतला की” असं बरोबर उत्तर दिलं, तर ते रूप दुरुस्ती न वाटता कानावर पडतं. महिन्यातून दोन तास असं माणूस मिळालं तरी पुष्कळ झालं.

लाजणाऱ्या मुलींसाठी एवढंच: त्यांना पेशंट करू नका, सिस्टरच करा. स्वतःचंच काम करताना अभिनय करावा लागत नाही. एकीला मी सगळ्यांकडे पाठ करून बसवलं होतं आणि पेशंटचा फोन आलाय असं सांगितलं होतं. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर ती घडाघडा बोलली. मृत्यूची बातमी देण्याचे प्रसंग मात्र सहज म्हणून काढू नका. कुणाच्या घरी काय झालंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

एक मर्यादा रुग्णालयाला स्पष्ट सांगून ठेवा. वर्गात चांगली बोलणारी मुलगी म्हणजे दुभाषी नव्हे. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही घेताना समजावून सांगणं हे मराठी पक्कं असलेल्या माणसाचंच काम आहे. “आता तुम्ही शिकवलंय ना” म्हणून ते या मुलींवर ढकललं जातं, मी पाहिलंय.

सोमवारी सुरुवात करायची असेल तर डिस्चार्जचा प्रसंग घ्या. सोपा आहे आणि मजा येते. सिस्टरच्या चिठ्ठीत गोळ्यांच्या वेळा आणि पुन्हा दाखवायचा दिवस. पेशंट काकांच्या चिठ्ठीत: “लक्ष एसटीच्या वेळेकडे आहे, सिस्टर सांगते त्याला नुसतं हो-हो म्हणायचं. तिने ‘आता तुम्ही सांगा बघू, कुठली गोळी कधी?’ असं विचारलं, तरच नीट ऐकायचं.” शेवटी निरोप. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, हे मल्याळी मुलींना पटकन पटतं. त्यांच्याकडेही ‘जाऊन येतो’ असंच म्हणतात. आणि ‘येतो’ म्हणणाऱ्याला ‘या हं’ म्हणायचं, हे मीच त्यांना पाहुण्यांच्या प्रसंगात शिकवलं होतं. माझ्या एका गुणी विद्यार्थिनीने वॉर्डातून घरी निघालेल्या काकांना हसतमुखाने “या हं पुन्हा!” म्हटलं. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला म्हणे. पुढच्या तासाला आम्ही तो निरोप तीनदा खेळलो. काका झालेली मुलगी दारापाशी वळून म्हणाली, “येतो सिस्टर,” आणि जीभ चावून, “नाही, नाही, जातो!” सिस्टरने तोंड उघडलं, ‘या’ ओठांवर आलेलं गिळलं आणि म्हणाली, “सावकाश जा, काका. गोळी जेवल्यावर.”